औंध ते रोम, व्हाया गंगटोक

औंध म्हटलं की यमाईचा डोंगर आठवतो आणि त्या डोंगराच्या कुशीतलं श्रीभवानी संग्रहालय. रविवर्म्याची चित्रं बघायला लोक साताऱ्याहून, सांगलीहून येतात, हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प इथे खटाव तालुक्यात कसं आलं म्हणून चकित होतात आणि परत फिरतात. याच गावच्या राजघराण्यातला एक माणूस स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून नैरोबी, गंगटोक, जकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन आणि रोम इतक्या ठिकाणी राहिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव अप्पासाहेब बाळासाहेब पंत. जन्म ११ सप्टेंबर १९१२, निवृत्ती १९७५, निधन १९९२. सातारा-सांगलीच्या मातीने देशाला क्रांतिकारक दिले, शाहीर दिले, साखरसम्राट दिले. पण इतका रंगीत सरकारी नोकर क्वचितच दिला असेल. त्यांच्या आयुष्यातल्या या काही गोष्टी.

एक संस्थान, चार तुकडे

औंध संस्थानाचा नकाशा बघून शाळकरी मूलही गोंधळेल. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात. आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. आणि गुणदाळ थेट विजापूरकडे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर मधे ब्रिटिशांचा मुलूख ओलांडावा लागे. सगळी मिळून ७२ गावं. अर्थात तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे अप्पासाहेबांच्या बालपणी 'सातारा की सांगली' हा वादच जन्माला आला नव्हता. दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपला म्हणावं, कुणाचाही हक्क कमी नाही.

वडील: राजे, चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे वेडे

बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, १९०९ ते १९४७ औंधचे राजे होते. हातात कुंचला घेऊन त्यांनी रामायणाची चित्रमालिका काढली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सचित्र निघावी म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि तिथूनच त्या अफाट प्रकल्पाला गती आली. पं. सातवळेकरांना औंधात आसरा दिला. साने गुरुजी विद्यार्थी असताना औंधात शिकले, गदिमाही शिकले. बेळगावात जागेवरून अडचणीत सापडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतात गेला तो या माळावरून.

पण बाळासाहेबांचं खरं वेड सूर्यनमस्कार. स्वतः रोज घालायचेच, संस्थानातल्या शाळांमध्येही ते सक्तीचे. आज जगभर योगवर्गात सूर्यनमस्कार घालतात. त्या प्रसाराच्या आरंभीच्या पानांवर औंधचं नाव ठळक आहे. १९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले, तिथे लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली, आणि त्यातून १९३८ मध्ये 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक निघालं. लंडनच्या वाचकांना 'दहा टप्प्यांत तब्येत' शिकवणारा हा माणूस तेव्हा सत्तरीला टेकला होता!

मुलाने हा वारसा अक्षरशः पाठीच्या कण्यात जपला. परराष्ट्र खात्यात असतानाच अप्पासाहेबांनी १९७० मध्ये सूर्यनमस्कारांवर स्वतःचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. राजदूतांची आत्मचरित्रं पुष्कळ निघतात. व्यायामाचं पुस्तक लिहिणारा राजदूत शोधून काढावा लागेल.

सत्ता देऊन टाकणारं संस्थान

ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण अप्पासाहेबांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे.

ऑक्सफर्डचं शिक्षण आणि लिंकन्स इनची बॅरिस्टरी आटोपून अप्पासाहेब १९३७ च्या सुमारास परतले. देशभर संस्थानी प्रजेच्या चळवळी पेटत होत्या आणि बहुतेक राजे त्या दडपायच्या मागे होते. औंधात उलटं घडलं. त्याला निमित्त झाला एक पोलिश ज्यू अभियंता, मॉरिस फ्रीडमन. बंगळुरूच्या सरकारी वीज कारखान्यात काम करणारा, चरख्याच्या रचनेत डोकं घालणारा, रमण महर्षींकडे जाणारा, भगवी वस्त्रं घालून 'भारतानंद' झालेला हा गृहस्थ. अप्पासाहेबांची आणि त्याची गट्टी जमली. फ्रीडमनने सुचवलं की सगळी सत्ता प्रजेच्या हाती देऊन टाका. सत्तरीतले बाळासाहेब तयार झाले.

१९३८ च्या अखेरीस ही मंडळी गांधीजींकडे गेली. औंधच्या घटनेचा मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ ला ती अमलात आली. तोवर अप्पासाहेब जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुक्याचं मंडळ आणि त्यातून संस्थानाची विधानसभा. मत द्यायचं तर अक्षरओळख हवी, हा गांधीजींचा आग्रह होता. त्यामुळे मतदार व्हायचं म्हणून प्रौढांनी पाटी-पेन्सिल हाती घेतली, झाडाखाली वर्ग भरले. राजा उरला तो सल्ला देणारा वडीलधारा म्हणून.

हे सगळं पंचायतराज कायद्याच्या किती तरी आधी, आणि माणदेशासारख्या दुष्काळी टापूत. पुढे इंदिरा रॉदरमुंड या अभ्यासिकेने 'द औंध एक्स्परिमेंट' नावाचं अख्खं पुस्तक या प्रयोगावर लिहिलं. महाराष्ट्राच्या शाळांत औंधची ही घटना एखादा तास तरी शिकवली जावी, असं मला मनापासून वाटतं.

१९४२ नंतर या मुलखाला आणखी एक धार आली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल हे मोठं ठाणं, जी. डी. बापू लाड तिथलेच. ब्रिटिश हद्दीत धरपकड सुरू असताना औंधच्या गावांत कार्यकर्त्यांना दम घ्यायला जागा मिळत होती. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे औंधचे राजे म्हणून नाव लागलं ते बाळासाहेबांचे नातू भगवंतराव यांचं.

भिंती नसलेला तुरुंग आणि एक सिनेमा

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. गुन्हेगाराला कोंडून न ठेवता मोकळ्या रानात शेती करू द्यावी, विश्वासावर सोडावं, त्याच्या बायकामुलांना सोबत राहू द्यावं, ही कल्पना औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. तीही फ्रीडमनच्याच डोक्यातून आलेली. भारतातल्या खुल्या तुरुंगांच्या इतिहासात हे नाव अगदी वरच्या ओळीत येतं.

पुढची गंमत अशी की त्याच परिसरातल्या माडगुळ्याचे गदिमा. त्यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये सिनेमा काढला: 'दो आँखें बारह हाथ'. सहा खुनी कैदी, एक जेलर, ओसाड रान. चित्रीकरणात बैलाशी झुंज देताना शांतारामांच्या डोळ्याला जबर इजा झाली. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं. आटपाडीच्या माळावरची कल्पना बर्लिनला पोचली, आणि पडद्यावर कुठेही औंधचं नाव नसताना तिथल्या माणसांना ती आपली म्हणून ओळखता आली.

फ्रीडमनचं पुढे काय झालं? मुंबईच्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठीतली संभाषणं त्याने इंग्रजीत आणली. १९७३ चं 'आय अॅम दॅट' ते हेच. औंधला राज्यघटना सुचवणारा आणि निसर्गदत्तांना जगापुढे नेणारा माणूस एकच, हे कळल्यावर मला तरी काही वेळ दुसरं काही सुचेना.

नैरोबी: ज्याची गोऱ्या सरकारने तक्रार केली

१९४८ मध्ये नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून धाडलं. वय छत्तीसच्या आत. राजवाड्यात वाढलेला, ऑक्सफर्डला शिकलेला माणूस; गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटलं असेल, चला, आपल्यातलाच दिसतो. झालं भलतंच. अप्पासाहेबांनी तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांना सांगायला सुरुवात केली की तुमचं भवितव्य आफ्रिकी माणसाबरोबर आहे, साहेबाबरोबर नाही. आफ्रिकी नेत्यांशी उघड मैत्री केली. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिकी मुलं भारतात शिकायला येऊ लागली. नैरोबीत गांधीजींच्या नावाने उच्च शिक्षणाची संस्था व्हावी म्हणून भारतीयांनी पैसा जमवला, त्यामागे त्यांचा जोर होता. तो निधी पुढे रॉयल टेक्निकल कॉलेजात मिळवला गेला आणि त्याच कॉलेजातून आजचं नैरोबी विद्यापीठ वाढलं. त्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे.

ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी लागली, आफ्रिकी नेते जोमो केन्याटा यांना पकडलं. कापेनगुरियाच्या खटल्यात त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत दिल्लीहून गेलेले दिवाण चमनलाल होते आणि मूळचे गोव्याच्या घरातले फिट्झ डिसूझाही. गोऱ्या राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडाला अप्पासाहेबांची फूस आहे, असा वसाहत सरकारचा संशय. लंडनने दिल्लीकडे पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या. अखेर १९५४ मध्ये त्यांची नैरोबीतली कारकीर्द संपली. त्याच १९५४ मध्ये, पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. एका सरकारला नकोसा झालेला माणूस दुसऱ्या सरकारने कसा गौरवला, याचं इतकं नेमकं उदाहरण शोधून सापडणार नाही.

गंगटोक: खेचरं, याक आणि पंतप्रधान

१९५५ ते १९६१ हा काळ माझ्या मते त्यांच्या नोकरीतला सर्वांत सुंदर. गंगटोकचे 'पोलिटिकल ऑफिसर'. नाव साधं, पसारा केवढा! सिक्कीम, भूतानशी संबंध आणि वर तिबेटातल्या ल्हासा, ग्यांत्से, यातुंग इथल्या भारतीय कचेऱ्यांची देखरेख.

१९५६ मध्ये बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षासाठी दलाई लामा भारतात आले ते नथुला खिंडीवरून सिक्कीममार्गे. म्हणजे अप्पासाहेबांच्याच अंगणातून. पुढच्या वर्षी गंगटोकच्या तिबेटविद्या संस्थेची कोनशिला दलाई लामांनी बसवली. १ ऑक्टोबर १९५८ ला तिचं उद्घाटन केलं नेहरूंनी. तिबेटी पोथ्यांचं ते भांडार आजही गंगटोकला जाणाऱ्या प्रत्येकाने बघावं असं आहे.

आणि त्याच १९५८ च्या सप्टेंबरात नेहरू भूतानला गेले, ती सफर तर कादंबरीत शोभावी अशी. भूतानात तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. गंगटोकहून नथुला, तिथून तिबेटातलं चुंबी खोरं, आणि मग पुन्हा डोंगर चढून पारो. अडुसष्ट वर्षांचे पंतप्रधान, सोबत इंदिरा गांधी, आणि वाहनं म्हणजे घोडी नि याक. या काफिल्याची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यात औंधचे अप्पासाहेब पंत. आज पंतप्रधान विमानाने पारोला तासा-दोन तासांत उतरतात. एका देशाच्या पंतप्रधानाने शेजाऱ्याला भेटायला दिवसच्या दिवस डोंगर तुडवत जावं, यात जो मान होता तो भूतान विसरला नाही.

तिबेटचा अप्पासाहेबांवर खोल परिणाम झाला. लामांशी गप्पा, ध्यान, मंडलांची चित्रं. हे सगळं त्यांनी नोकरीचा भाग म्हणून उरकलं नाही. रमण महर्षींच्या आश्रमापासून सुरू झालेली ओढ इथे पक्की झाली. १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले तेव्हाही गंगटोकच्या खुर्चीत अप्पासाहेबच होते.

जकार्ता: दगड आणि सुवर्णपदक

१९६१ मध्ये इंडोनेशिया. सुकार्नोंचे दिवस. १९६२ मध्ये जकार्तात भरलेल्या आशियाई खेळांत इस्रायल आणि तैवानला डावललं म्हणून भारताचे क्रीडा-प्रशासक जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तिथे भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली. सप्टेंबरच्या सुरुवातीला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला चढवला. राजदूत अप्पासाहेब पंत! दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना. भारतीय खेळाडूंची अख्खं मैदान हुर्यो उडवत असताना आपल्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवलं. पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग यांनी गोल केले. फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही.

बाकीचं झटपट

ओस्लो शांततेत गेलं. कैरोत १९६६ ते १९६९ होते, म्हणजे जून १९६७ चं सहा दिवसांचं युद्ध आणि सुएझ कालव्याला लागलेलं कुलूप त्यांनी तिथे बसून पाहिलं. तो कालवा पुढे १९७५ पर्यंत बंद राहिला, म्हणजे अप्पासाहेब निवृत्त होईपर्यंत.

लंडनला १९६९ ते १९७२ उच्चायुक्त. बांगलादेश युद्धाची वेळ. जानेवारी १९७२ मध्ये पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीब आधी लंडनला उतरले, मग दिल्लीमार्गे ढाक्याला गेले. तेव्हा लंडनमध्ये भारताचा माणूस होते अप्पासाहेब. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून फर्मावलं. वीस वर्षांपूर्वी नैरोबीत बसून जे भारतीयांना 'आफ्रिकी माणसाशी जोडून घ्या' असं कळकळीने सांगत होते, त्यांच्यासमोर आता तशीच कुटुंबं उघड्यावर येत होती. हा योगायोग वाचताना जीव कासावीस होतो. सप्टेंबरात त्यांची लंडनची मुदत संपली. मग १९७५ पर्यंत रोम.

घरातला पराक्रम वेगळाच

पत्नी नलिनीदेवी डॉक्टर. आणि मुलगी? डॉ. अदिती पंत. ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक वाचून समुद्राच्या नादी लागलेली, हवाई बेटांवर आणि लंडनला शिकलेली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतली शास्त्रज्ञ. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत त्या गेल्या. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या दोघी पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. वडिलांनी नथुलाचं बर्फ पाहिलं, लेकीने दक्षिण ध्रुवाकडचं. सातारा-सांगलीतल्या किती विज्ञानशिक्षकांनी वर्गात हे नाव घेतलं असेल? घ्यायला हवं.

निवृत्तीनंतर पुन्हा औंध

निवृत्तीआधीच, १९७४ मध्ये, 'अ मोमेंट इन टाइम' हे त्यांचं आठवणींचं पुस्तक लंडनहून आलं होतं. नंतर लेखणी थांबली नाही. 'मंडला', 'सर्व्हायव्हल ऑफ द इंडिव्हिज्युअल', १९८७ मध्ये नोकरीतल्या किश्शांचं 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स', आणि १९८९ मध्ये 'ॲन अनयूज्वल राजा'. यातलं शेवटचं पुस्तक वडिलांवर, गांधीजींवर आणि औंधच्या त्या प्रयोगावर. सत्तर-पंचाहत्तरीचा माणूस, मागे सात राजधान्या आणि त्यातल्या युद्धांच्या, बंडांच्या आठवणी. आणि तरी लिहायला बसला की विषय निघतो तो बहात्तर गावांच्या पंचायतींचा. त्यांना नक्की काय मोलाचं वाटलं, ते या निवडीतून कळतं.

वाचायला सुरुवात करायची तर मी म्हणेन 'ॲन अनयूज्वल राजा'पासून करा. पातळ पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. त्यानंतर वाट वाकडी करून औंधचं संग्रहालय बघा, तिथून आटपाडीकडे निघा आणि स्वतंत्रपूरची चौकशी करा. आटपाडीत ते कुणीही दाखवेल.